मेळघाट: आबांच्या वहीतल्या हाक्याच्या जागी

बाबा गेल्यावर दादाने आणि मी अमरावतीच्या घरातली कपाटं आवरली तेव्हा शिकारीच्या तीन गोष्टी आमच्या वाट्याला आल्या. आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची, बारा बोअरची दुनळी, बैठकीतल्या भिंतीवरचं वाघाचं कातडं आणि एक लाल पुठ्ठ्याची वही. दुनळी आम्ही पोलिसांत जमा करून टाकली, लायसन्स दोघांपैकी कुणालाच नको होतं, आणि तसंही माझ्या आठवणीत ती बंदूक कधी उडालीच नाही, निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की घरी यायची. कातड्याचं काम मात्र सोपं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर आबांनी त्याचं मालकी प्रमाणपत्र काढून ठेवलं होतं, पण अशी वस्तू वारशाने आली तर नव्वद दिवसांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं, विकता तर येतच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्वतःहून सरकारजमा करायची सोय झालीये, पैसे काही मिळत नाहीत. दादाला ते ठेवायचं होतं, मला द्यायचं होतं. दोन महिने आमचं यावरून चाललं होतं, फोनवर आवाज चढायचे, नंतर दोघंही गप्प.

वनखात्याला द्यायच्या फॉर्मला लावायला माझ्या लेकीने कातड्याचे फोटो काढले. पुढून, मागून, टेप लावून. ते करताना तिने वही वाचली, आणि मग ती म्हणाली आई आपण मेळघाटात जाऊया, हे जिथे झालं तिथे, आणि मग ठरव द्यायचं की ठेवायचं. एकोणीस वर्षांची आहे ती, पुण्यात शिकते, पणजोबांना तिने फक्त फोटोत पाहिलंय.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं 'निसर्गानुभव' म्हणून पाणवठ्यावरच्या मचाणावर लोकांना बसू देतं, त्यात आमचा नंबर लागला आणि आम्ही दोघी निघालो.

मे महिन्यातली अमरावती म्हणजे ज्यांनी सोसलीय त्यांनाच माहिती. परतवाडा येईपर्यंत गाडीचा एसी हरला होता. परतवाड्याला माठातलं थंडगार पाणी पिऊन घाटाला लागलो, घटांग गेलं की हवा जरा बदलते आणि सागाचं जंगल सुरू होतं. मे मधला साग बघून पहिल्यांदा येणाऱ्याला वाईट वाटेल, एकही पान नाही, सगळीकडे राखाडी खांब आणि खाली पापडासारखी वाळलेली पानं. पण शिकारी लोक मुद्दाम याच दिवसांत यायचे. लांबचं दिसतं, पाणी चारदोन ठिकाणीच उरतं, जनावर तिथे येतंच. आबांच्या वहीतल्या बहुतेक सगळ्या नोंदी एप्रिल-मेच्याच आहेत.

त्या काळी जंगलाचे ब्लॉक पाडलेले असायचे आणि परमिट काढून पंधरा दिवसांसाठी एखादा ब्लॉक मिळायचा. आबा बैलगाड्यांनी सामान पाठवायचे, स्वतः मागून जीपने. वाघासाठी रेडकू बांधायचं. वाघाने ते मारलं की त्याला गारा म्हणायचे, आणि मग दोन रस्ते, एकतर गाऱ्यावर मचाण बांधून रात्रभर बसायचं किंवा दुसऱ्या दिवशी हाका करायचा. हाक्यात एका बाजूने माणसं ओळीने डबे वाजवत, ओरडत चालत यायची आणि समोरच्या टोकाला झाडावर बंदूकवाला. शाळेत असताना मला वाटायचं की वाघ सरळ पळत येत असेल. बाबांनी समजावलं होतं की तसं नसतं, वाघ बाजूने निसटायला बघतो, म्हणून दोन्ही कडांच्या झाडांवरही माणसं बसवलेली असतात आणि वाघ त्या बाजूला वळला की त्यांनी फक्त खोडावर काडी वाजवायची, टक टक, एवढंच, जास्त आवाज केला तर वाघ हाका फोडून उलटा ओरडणाऱ्या माणसांवरच जातो. हे सांगताना बाबांचा आवाज खाली यायचा. १९६१ च्या मे मध्ये ते दहा वर्षांचे होते आणि कॅम्पवर होते. त्या दिवशी काय झालं ते त्यांनी पूर्ण कधी सांगितलं नाही, बंदूकही कधी हातात घेतली नाही. पण माग काढायला त्यांनीच मला शिकवलं. नराचा पंजा चौकोनी, मादीचा लांबट, ठशाच्या कडा कोसळल्या असतील तर जुना, त्यावर किड्याची रेघ गेलेली असेल तर रात्रीचा. हे ते आबांकडून शिकले होते. घरातली मुलं म्हणजे मुलगे असं धरून चालायचे ते दिवस, तरी बाबांनी सुट्टीत मला दादाबरोबर जंगलात नेलं, याचं ऋण माझ्यावर आहे.

आता वहीतली ती नोंद. मी जशीच्या तशी देते.

"कोलकासपासून दीड मैल, सिपनेला मिळणारा नाला. हाकेवाले ४२, प्रत्येकी बारा आणे. सकाळी ८ वा. हाका. वाघ मागे फिरला, एक माणूस जखमी, परतवाड्यास पाठविला, १५ रु. दिले. दुपारी २ वा. पुन्हा हाका. बार लागला. नर, ८ फूट ११ इंच, खुंट्या ठोकून."

खुंट्या ठोकून म्हणजे मेलेल्या वाघाच्या नाकापाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी दुसरी खुंटी मारायची आणि मधलं सरळ अंतर मोजायचं. टेप अंगावरून वळवत नेली की आकडा वाढतो, बरेच शिकारी तसं करायचे, आबांनी केलं नाही. आमच्या घरात मात्र तो वाघ कायम दहा फुटांचा म्हणूनच सांगितला गेला, आत्या अजूनही दहाच सांगते. पुढच्या पानावर खर्च आहे, मीठ किती लागलं, आणि कातडं अचलपूरहून शकुंतला रेल्वेने मुर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने म्हैसूरला व्हॅन इंगेनकडे. तेव्हा हिंदुस्थानभरातून वाघांची कातडी भरायला तिथे जायची. आठ महिन्यांनी परत आलं, जबडा उघडा, काचेचे डोळे, कडेला फेल्टची झालर.

लेकीने गाडीत ही नोंद मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आई, मिठाचं वजन लिहिलंय, पार्सलचं भाडं लिहिलंय, मग त्या माणसाचं नाव का नाही?"

चाळीस वर्षांत मी ती नोंद कितीदा वाचली असेन. मला हे कधी सुचलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, जी मला नेहमी खटकायची पण मी बोलायची नाही, ती म्हणजे त्याच दिवशी दुपारी दोन वाजता पुन्हा हाका. आबांची बाजू मला माहिती आहे, जखमी किंवा चिडलेलं जनावर गावाजवळ सोडून जायचं नाही हा शिकाऱ्यांचा पक्का नियम होता. पण हा वाघ जखमी नव्हता, सकाळी बारच झाला नव्हता. उरलेल्या एक्केचाळीस माणसांना पुन्हा त्याच नाल्यात उतरवलं. आबा माझे फार लाडके होते, १९८८ मध्ये गेले, त्यांच्या मांडीवर बसून मी भेकराचा आवाज काढायला शिकले. हे दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकही सोडायचं नाहीये.

सेमाडोहला नोंदणी झाली, नियम सांगितले, मातकट कपडे, सेंट नाही, मोबाईल बंद, बोलायचं नाही. आमच्याबरोबर एक वनमजूर होता, पंचविशीतला कोरकू पोरगा. मचाण पाणवठ्यापासून पन्नासेक पावलांवर. साडेपाचला चढलो. पहिला तास नुसता उकाडा आणि माश्या. अंधार पडायच्या आत मोर आले, मग रानडुकरांचा कळप, चिखलात लोळून गेला. चंद्र वर आला तेव्हा पाण्याचा पत्रा झाला. रातवा एकसारखा ठोकत होता. दहाच्या सुमारास रानगवे आले, सात, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, इतकं अवजड जनावर पण वाळक्या पानांवरून असं येतं की आपल्याला दिसतं आधी आणि ऐकू येतं नंतर. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. एक अस्वल आलं, खूप वेळ पाणी प्यायलं, त्याचा घोट घेण्याचा आवाज वर ऐकू येत होता. मग दोन वाजता नाल्याच्या अंगाला सांबर ओरडलं. ढांक. परत ढांक. सांबर उगाच ओरडत नाही. तो पोरगा सरळ होऊन बसला, मीही, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी एकाच दिशेला बोट केलं. अर्धा तास कुणी श्वास मोठा घेतला नसेल. वाघ पाण्यावर आला नाही. आवाज हळूहळू वर डोंगराकडे सरकत गेला आणि थांबला.

सकाळी गाडीची वाट बघत खाली उभे होतो तेव्हा त्याने मला विचारलं, ताई तुम्ही कुठे शिकलात. मी सांगितलं, आजोबा शिकारी होते. तो म्हणाला, "माझा आजा पण असायचा हाक्याला." लेकीने सॅकमधून वहीच काढली. त्याला मराठी वाचता येतं, त्याने नोंद वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि एकदम म्हणाला, हा एका हाताचा बाबा. जखमी झालेला तो माणूस. डावा हात कोपराखाली गेला होता, पण त्यानंतरही तो वीसेक वर्षं जंगलात फिरला, पुढे वाघांच्या गणतीला साहेब लोक त्यालाच माग दाखवायला न्यायचे, आणि ह्या पोराच्या आज्याला माग काढायला त्यानेच शिकवलं. आजाने पोराला. म्हणजे रात्री दोन वाजता आम्ही जे बोट केलं ना, ते दोघांकडे एकाच नाल्यातून आलं होतं, फक्त आमच्याकडे ते कातड्यासकट आलं आणि त्यांच्याकडे एका हाताने. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे ते पातळ होत गेलंय. मला ठसे ओळखता येतात, लेकीला तेवढेही नाही. त्या पोराला झाडावर बसलेला रानपिंगळा दाखवता येतो, पाठमोरा, सकाळच्या उन्हात, ज्या पक्ष्याला सगळं जग शंभराहून जास्त वर्षं संपला असं समजून चाललं होतं आणि १९९७ मध्ये शहाद्याकडे तो परत सापडला. आबांच्या वहीत एकही पिंगळा नाही.

कोलकासवरून जाताना त्याने तो नाला दाखवला. गाडीतून उतरायची परवानगी नाही. दोन मोठे अर्जुन, खाली दगड, पाणी नाही. पाच मिनिटं ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि मग पुढे निघालो. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत आलं, म्हणजे त्या हाक्याला पुरती तेरा वर्षंही झाली नव्हती. ज्या नाल्यात बारा आण्यांवर माणसं उतरवली तिथे आता माणसानेच उतरायचं नाही.

एका हाताच्या बाबाचं गावही राहिलं नाहीये. प्रकल्पाच्या आतल्या ज्या गावांचं पुनर्वसन झालं त्यातलं ते एक, आता अकोट तालुक्यात सपाटीवर आहे. त्याची मुलगी तिथे असते. पोराची रात्रीची ड्युटी संपली होती, त्याची बहीणही तिकडेच दिलेली, म्हणाला चला मी येतो. परत परतवाडा, अंजनगाव आणि पुढे अकोटचा रस्ता. घाट उतरल्यावर परत तोच भट्टीचा वारा. वस्ती म्हणजे सरळ रेषेतली घरं, ओट्यावर हिरव्या जाळीची सावली, दोन लिंबं.

म्हातारी सत्तरीची असेल. आमच्यासाठी काळा चहा केला, गूळ घालून. मी काय बोलायचं ते गाडीत पन्नास वेळा जुळवलं होतं आणि तिथे बसल्यावर एकही वाक्य धड आलं नाही. मी एवढंच म्हटलं की तो साहेब माझा आजा होता. पोराने ते कोरकूत सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली, तो मधेमधे थांबवून मराठीत सांगायचा. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. बाप दोन महिने परतवाड्याच्या दवाखान्यात. पंधरा रुपयांतले सात रुपये गाडीवाल्याला गेले. बापाला नंतर नांगर धरता येईना म्हणून आईने धरला, गावात लोक नावं ठेवायचे. बाप वाघाला कधी शिव्या द्यायचा नाही. रात्री सांगायचा, घराएवढा होता, तोंड उघडलं तेव्हा आत अंधार दिसला.

लेकीने माझ्याही आधी मान खाली घालून विचारलं, बाबाचं नाव काय होतं. म्हातारीने सांगितलं. लेकीने तिथेच वहीत त्या नोंदीच्या बाजूला ते लिहिलं, पेन्सिलीने. इथे मी ते देत नाही, ते त्यांचं आहे.

मग म्हातारीने विचारलं, त्या वाघाचं काय झालं. कातडं आहे का अजून? हाका झाला त्या दिवशी सगळ्या गावाने मेलेला वाघ पाहिला, पण ती, तिची आई आणि तिचा बाप तेव्हा बैलगाडीत होते. त्यांच्या घरातल्या कुणीच तो पाहिला नव्हता.

लेकीने मोबाईल काढला. फॉर्मला लावलेला फोटो, टेपसकट. म्हातारीला नीट दिसेना, मग तिने तो मोठा करून दिला आणि जाळीच्या सावलीत नेऊन धरला. म्हातारीने डोक्यापासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं, फोटो सरकायचा, लेक परत जागेवर आणायची. डाव्या खांद्याखाली शिवलेलं भोक आहे तिथे ती थांबली. मग पोराकडे बघून काहीतरी म्हणाली.

"ती विचारते," तो म्हणाला, "एवढाच होता का?"

"आठ फूट अकरा इंच," मी म्हटलं.