गाईड न घेता व्हिएतनाम: भुसावळ ते दा नांग

आम्ही दोघं नवरा-बायको टूर कंपनीशिवाय व्हिएतनामला जाऊन आलो, हे भुसावळात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, भाषेचं काय केलं?" भाषेची अडचण आली, पण थोडीच. खरी कसोटी लागते ती विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत. पैसे, फोन आणि वाहन ही तीन कामं तेवढ्या वेळात शांतपणे उरकली की पुढे घाबरण्यासारखं काही उरत नाही. साठी ओलांडलेल्या माणसांनीही हे करावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कागदांपासून. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, पुन्हा पुन्हा जायचं असेल तर ५० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. अर्ज तिथल्या सरकारच्या साइटवरच करायचा. इंटरनेटवर शोधलं की वरती ज्या साइट दिसतात त्यांतल्या बऱ्याच दलालांच्या असतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' आहे ना, हे आधी पाहा.

आपल्याकडच्या माणसांनी नावाच्या रकान्याकडे नीट लक्ष द्यावं. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत येतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. अर्जात ते जसंच्या तसं उतरवायचं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. मी एकेक अक्षर त्यांच्याशी ताडून पाहिलं. विमानाच्या तिकिटावरही तेच नाव, त्याच क्रमाने. व्हिसावरची तारीख तिथे पोचण्याची धरायची. मुंबईहून रात्री निघणारं विमान तिथे दुसऱ्या दिवशी उतरतं, आणि व्हिसा सुरू होण्याआधी आत घेत नाहीत. छापील प्रत जवळ ठेवावी, फोनच्या भरवशावर राहू नये.

भुसावळ ते मुंबई विमानतळ हा टप्पा लोक हलक्यात घेतात. मी मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झालो. इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याच्या घाटात एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या गाड्यांचं काय होतं, हे आयुष्यभर पाहिलं आहे. विमान रात्रीचं असलं तरी मी सकाळी मुंबईत पोचणारी गाडी धरली. ठाण्याला उतरलो, नातेवाइकांकडे जेवलो, आराम केला आणि संध्याकाळी टॅक्सीने टर्मिनल दोनला गेलो. दुपारच्या गाडीने जाऊन वेळ साधू पाहणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, असं करू नका.

हनोईचा नोई बाई विमानतळ. घड्याळ दीड तास पुढे केलं. इमिग्रेशनच्या खिडकीवर आम्हाला फॉर्म भरावा लागला नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद सरकवला, अधिकाऱ्याने एक शब्दही न बोलता शिक्का मारला. शिक्क्यावरची मुक्कामाची शेवटची तारीख खिडकी सोडण्याआधी वाचून घ्या. काही चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त होते.

आता पैसे. तिथलं चलन डाँग, आणि एका रुपयाला साधारण ३०० डाँग मिळतात. आकडे पाहून माणूस बावरतो, पण हिशोब सोपा आहे: शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्याला तीनने गुणायचं आणि वर थोडं धरायचं. एक लाख डाँग म्हणजे तीनशे रुपयांहून थोडे जास्त. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत आणि सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचंच चित्र आहे, त्यामुळे घाईत गफलत होऊ शकते. सौभाग्यवतींनी पाच लाखांच्या नोटा पहिल्याच दिवशी वेगळ्या बटव्यात घातल्या. विमानतळावर थोडेच डॉलर बदलावेत, बाकीचे गावात. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या नेल्या तर कुणी खळखळ करत नाही.

सिम कार्ड विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घेतलं. बाहेर ८६ नंबरची बस उभी असते, ती जुन्या हनोईतून थेट रेल्वे स्टेशनापर्यंत जाते. सामान कमी असेल तर तीच उत्तम. नाहीतर फोनवरून 'ग्रॅब' या ॲपची टॅक्सी बोलवावी. भाडं आधीच दिसतं, पैसे रोख देता येतात, बोलावं लागत नाही. नंबर प्लेट जुळवून मगच बसायचं. "ग्रॅब, ग्रॅब" म्हणत जवळ येणाऱ्या माणसाच्या मागे जायचं नाही.

हनोईत रस्ता ओलांडणं शिकावं लागतं. दुचाकींचा लोंढा थांबतच नाही. एका चालीने, सावकाश चालत राहायचं. दुचाकीवाले आपल्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. मध्येच धावलं किंवा मागे सरलं तर त्यांचा अंदाज चुकतो. गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे पाहायचं.

जेवणाचं म्हणाल, तर माशांचा सॉस जवळजवळ सगळ्यांत असतो. भाजीचं सूप मागितलं तरी त्यात असू शकतो. आम्ही 'मांस, मासे, माशांचा सॉस आणि अंडं नको' हे वाक्य त्यांच्या भाषेत फोनवर ठेवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी ते दाखवलं. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खाणावळी शहरोशहरी आहेत. एका ठिकाणी बारीक चिरलेल्या केळफुलाची कोशिंबीर मिळाली. केळीच्या मुलखातून गेलेले आम्ही, दोनदा मागवून खाल्ली. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि दादर जातीच्या ज्वारीच्या बिबड्याही (पापड) कामी आल्या.

पण माझा जीव अडकला तो रेल्वेत. लाल नदीवरचा लाँग बिएन पूल फ्रेंचांनी बांधला, तो १९०२ मध्ये पुरा झाला. अमेरिकेने युद्धात त्यावर पुन्हा पुन्हा बॉम्ब टाकले, आणि या लोकांनी तो दरवेळी उभा केला. आजही मधून गाडी जाते, दोन्ही बाजूंनी दुचाकी आणि पायी माणसं. तापीच्या पुलावरून इतकी वर्षं गाड्या नेल्या, पण या पुलाचे गंजलेले, ठिगळ लावलेले गर्डर बघताना छाती भरून आली.

हनोई ते सायगाव (आताचं हो ची मिन्ह सिटी) ही १,७२६ किलोमीटरची लाईन १९३६ मध्ये पूर्ण झाली, १९५४ च्या देशाच्या फाळणीत तुटली आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडली गेली. रूळ मीटर गेज, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटरसमोर अवघे १,०००. ओढायला डिझेल इंजिन. आम्ही हनोईहून रात्रीची गाडी घेतली, चार बर्थचा कप्पा. तिकिटावर पासपोर्टचा नंबर असतो आणि डब्यात चढण्याआधी तिकीट तपासतात. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ असतो, त्यामुळे चहाची सोय झाली. सकाळी उठलो तेव्हा खिडकीबाहेर भातशेती आणि मधूनच केळीचे पट्टे.

वाटेतल्या हुए शहराला उतरून मुक्काम केला आणि दा नांगची गाडी मुद्दाम दिवसाची धरली. मधे हाय वानचा घाट लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली निळा समुद्र, आणि गाडी वळणावळणाने कड्याच्या कडेने जाते. चढ सुरू होण्याआधी लांग कोला गाडी थांबली. मी दारापाशी जाऊन मागे पाहिलं, तर शेवटच्या डब्याला इंजिन लागत होतं. बँकर! कसारा-इगतपुरीच्या १ ला ३७ च्या चढावर जशी आपली गाडी मागून ढकलतात, तसंच. डब्यात एक रेल्वे कर्मचारी होता. त्याला फोनमधला माझा गार्डच्या गणवेशातला फोटो दाखवला, मागच्या इंजिनाकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी ढकलण्याची खूण केली. त्याने हसून हात घट्ट धरला आणि घाट संपेपर्यंत मला त्याच्या बाजूच्या खिडकीशी बसवलं.

हुएहून दा नांगला जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, उलट येताना उजव्या. तिकीट काढताना स्टेशनवर डब्याचा नकाशा दाखवतात. बोट ठेवून त्या बाजूची खिडकी मागा, आणि गाडी दिवसाचीच निवडा.