पहिल्या दोन मोसमांतले वीस झेल

अमेरिकन फुटबॉलपटू ॲडम थीलनचं नाव निघालं की अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातली माणसं २०१८ च्या मोसमाबद्दल बोलायला लागतात. मी मात्र ३० नोव्हेंबर २०१४ पासून सुरुवात करते.

त्या दिवशी मिनेसोटा व्हायकिंग्जचा सामना कॅरोलायना पँथर्सशी होता. जुनं मेट्रोडोम पाडलं होतं, नवं स्टेडियम बांधून व्हायचं होतं, म्हणून ते दोन मोसम संघ मिनियापोलिसमधल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या उघड्या स्टेडियमवर खेळत होता. पँथर्सना पुढे सरकता येईना, तेव्हा त्यांनी पंट मारायचं ठरवलं. पंट म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून समोरच्या संघाच्या हवाली करणं. टीव्हीसमोरची निम्मी माणसं अशा वेळी चहा गरम करायला उठतात. तो पंट अडवला गेला, चेंडू जमिनीवर घरंगळला, आणि १९ नंबरच्या एका पोराने तो उचलून ३० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण मिळवले. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला, हा थीलनचा पहिला टचडाउन. तो रिसिव्हर, म्हणजे पळत जाऊन क्वार्टरबॅकने (संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) फेकलेला चेंडू झेलायचा हे त्याचं खरं काम. पण पहिले गुण त्याला ज्या कामाने मिळवून दिले त्यात झेल नव्हताच.

मी कराडची. २०११ मध्ये एम.एस. करायला मॅनकेटोला आले आणि इथेच राहिले. मॅनकेटो हे मिनेसोटाच्या दक्षिणेचं विद्यापीठाचं गाव. त्या काळी व्हायकिंग्जचा उन्हाळी कॅम्प आमच्याच विद्यापीठात भरायचा. १९६६ ते २०१७, तब्बल ५२ उन्हाळे. जुलैअखेर जांभळे टी-शर्ट घातलेली कुटुंबं गावात उतरायची, मुलं कुंपणाला चिकटून सह्यांसाठी थांबायची. कॅम्प संपला की त्याच आवारात आमच्या विद्यापीठाचा संघ, मॅव्हरिक्स, शनिवारी आपले सामने खेळायचा. थीलन त्या संघात होता. उन्हाळ्यात कुंपणापलीकडे एनएफएल, आणि पानगळीत त्याच गवतावर हा स्वतः. कॅम्पमधल्या खेळाडूंकडे तो कोणत्या नजरेने बघत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

तो मूळचा डिट्रॉइट लेक्सचा. राज्याच्या वायव्येला तळ्यांच्या काठचं दहा-एक हजार वस्तीचं गाव. लहानपणापासून व्हायकिंग्जवेडा, संघाचे नामवंत रिसिव्हर क्रिस कार्टर आणि रँडी मॉस हे त्याचे देव. शाळेत बास्केटबॉल, बेसबॉल, गोल्फ, फुटबॉल सगळं खेळला, पण मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही. मॅनकेटोने घेतलं ते ५०० डॉलरच्या शिष्यवृत्तीवर. आमचा संघ डिव्हिजन टू म्हणजे दुसऱ्या श्रेणीत खेळतो. २०१२ मध्ये, थीलनच्या शेवटच्या मोसमात, त्याने झेलांच्या जोरावर चेंडू एकूण हजारापेक्षा जास्त यार्ड पुढे नेला आणि संघ त्या श्रेणीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. गावात कौतुक झालं. पण एनएफएलची माणसं खेळाडू तोलतात तेव्हा आधी विचारतात, समोर कोण होतं? दुसऱ्या श्रेणीतल्या बचावपटूंसमोर काढलेले हजार यार्ड त्यांच्या तराजूत फार भरत नाहीत.

ड्राफ्टबद्दल थोडं सांगावं लागेल. दर वर्षी एप्रिलअखेरीस ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात. २०१३ मध्ये २५४ जणांची नावं पुकारली गेली, त्यात थीलनचं नव्हतं. देशभरातल्या मुख्य चाचणीचं बोलावणंही त्याला आलं नव्हतं. ज्यांना कोणी बोलावत नाही त्यांच्यासाठी असलेल्या प्रादेशिक चाचणीला तो शिकागोला गेला आणि तिथे ४० यार्ड ४.४५ सेकंदांत पळाला. तो आकडा चांगला होता, म्हणून पुढच्या टप्प्यासाठी डॅलसला बोलावणं आलं. दातांच्या डॉक्टरांना लागणारी उपकरणं विकण्याच्या नोकरीचा पर्याय तोवर समोर होताच. मग मे महिन्यात व्हायकिंग्जनी नवोदितांच्या शिबिरात नुसतं खेळून दाखवायला बोलावलं. करार नाही, शब्द नाही. त्या शिबिरानंतर त्यांनी सही घेतली.

त्याच ड्राफ्टमध्ये व्हायकिंग्जनी पहिल्या फेरीत कॉर्डॅरेल पॅटरसनला घेतलं होतं. तोही रिसिव्हरच. त्याला मिळवायला त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना आपल्या चार निवडी, म्हणजे खेळाडू निवडायचे चार हक्क, देऊन टाकल्या. पॅटरसनचा उल्लेख त्याला कमी दाखवायला करत नाही. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना लाथेने उडवलेला चेंडू, परतवण्यात त्याच्या तोडीचे खेळाडू एनएफएलच्या इतिहासात थोडे आहेत. मला सांगायचंय ते हिशेबाबद्दल. ज्याच्यासाठी चार निवडी मोजल्या त्याच्या हातून चेंडू सुटला की प्रशिक्षक त्याला दुसरी संधी देतात, तिसरी देतात, कारण त्याला सोडणं म्हणजे आपलीच निवड चुकली असं म्हणणं. फुकट आलेल्याच्या हातून सुटला तर संध्याकाळी त्याचं कपाट रिकामं होतं. कॅम्पला ९० जण असतात आणि मोसमासाठी ५३ उरतात. ३१ ऑगस्ट २०१३ ला थीलनचंही नाव कापलं गेलं.

पण त्यांनी त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर ठेवून घेतलं. तेव्हा तो आठ जणांचा असायचा. हे खेळाडू तेव्हा आठवडाभर सराव करायचे, रविवारी खेळायचे नाहीत. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा रिसिव्हर कसा पळतो ते शिकायचं आणि आपल्याच संघाच्या बचावपटूंना तयार करायला तसं पळून दाखवायचं. पगार आठवड्याचा, आणि कुठल्याही दिवशी निरोप मिळू शकतो. तो पूर्ण मोसम थीलनने असाच काढला.

ही जागा मला आतून कळते. कॉलेजात मी खो-खो खेळायचे आणि संघातल्या बारा जणींत बहुतेक वेळा राखीव तिघींपैकी एक असायचे. राखीव खेळाडूला सगळ्यांच्या सवयी पाठ असतात. कोण खांबाजवळ वळताना डावा पाय टाकते, कोण दमली की पोल सोडत नाही, कोणाची हुल खरी आणि कोणाची खोटी. थीलनने वर्षभर दर आठवड्याला वेगळ्या रिसिव्हरची चाल अंगात भिनवली आणि ती व्हायकिंग्जच्या पहिल्या दर्जाच्या बचावपटूंसमोर खेळून पाहिली. ज्याला लोक वाया गेलेलं वर्ष म्हणतात तीच माझ्या मते त्याची खरी शाळा.

२०१४ मध्ये तो ५३ मध्ये आला, पण स्पेशल टीम्ससाठी. पंट आणि किकच्या वेळी जी माणसं मैदानात येतात त्यांना स्पेशल टीम्स म्हणतात. हे काम अंग मोडून काढणारं. पूर्ण वेगात साठ यार्ड पळायचं, मध्ये कोणीतरी धडक देणार हे माहीत असतं, आणि काही सेकंदांत संपणाऱ्या या खेळीत आपलं नाव समालोचक घेईलच असं नाही. त्या मोसमात थीलनचे झेल ८, यार्ड १३७. शेवटच्या सामन्यात शिकागो बेअर्सविरुद्ध टेडी ब्रिजवॉटरने फेकलेला ४४ यार्डांचा चेंडू झेलून त्याने झेलाचा पहिला टचडाउन केला. २०१५ मध्ये झेल १२, यार्ड १४४, टचडाउन एकही नाही. त्या वर्षी संघाने स्पेशल टीम्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं.

दोन मोसमांत वीस झेल. रिसिव्हर म्हणून हा आकडा घेऊन कोणी दुसऱ्या संघाकडे गेला असता तर दार उघडलं नसतं. तो टिकला तो पंट अडवणाऱ्या, पंट परतवणाऱ्याच्या अंगावर धावून जाणाऱ्या त्या कामामुळे. दरम्यान आतल्या आत काय तयार होत होतं ते २०१६ मध्ये दिसलं.

२०१६ च्या ड्राफ्टमध्ये व्हायकिंग्जनी पुन्हा पहिल्या फेरीत रिसिव्हर घेतला, लाक्वॉन ट्रेडवेल, तेविसावी निवड. जागा त्याच्यासाठी राखलेली होती. ऑक्टोबरात ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध संघातला दुसरा रिसिव्हर स्टेफॉन डिग्ज दुखापतीमुळे बाहेर बसला आणि थीलनकडे चेंडू आले. ७ झेल, १२७ यार्ड, एक टचडाउन. तेव्हापासून त्याला बाहेर बसवणं अवघड झालं. २४ डिसेंबरला ग्रीन बेला, पॅकर्सच्या घरी, त्याने १२ झेलांत २०२ यार्ड आणि दोन टचडाउन केले. सामना व्हायकिंग्ज हरले, ३८-२५, पण इथल्या दुकानात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मोसमाअखेर थीलनचे ६९ झेल झाले, ट्रेडवेलचा एक.

तो काय वेगळं करायचा? मी इतके सामने पाहिले त्यावरून माझं उत्तर सांगते. तो सगळ्यांत वेगवान नव्हता, सगळ्यांत उंचही नाही. पण त्याच्या पहिल्या पाच पावलांवरून तो कुठे वळणार हे ओळखता यायचं नाही. सरळ लांब पळायचं असो की दहा यार्डांवर थांबून परत फिरायचं असो, सुरुवात हुबेहूब तीच: तोच वेग, खांदे तसेच पुढे झुकलेले. बचावपटू मागे रेलला की हा कमरेतून खाली बसून वळायचा. आणि चेंडू येईपर्यंत हात वर न्यायचे नाहीत, कारण हात वर गेले की पाठमोऱ्या बचावपटूला कळतं चेंडू आला. हे सगळं सरावात घोटलेलं आहे. ४० यार्डांच्या घड्याळात ते पकडता येत नाही, आणि म्हणूनच ते ड्राफ्टच्या आधी कोणाला दिसलं नव्हतं.

२०१७ मला सगळ्यांत प्रिय. क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून केस कीनम आत आला. ह्यूस्टन विद्यापीठाचा, २०१२ मध्ये त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं. न निवडलेल्याने फेकायचं आणि न निवडलेल्याने झेलायचं, असं करत संघ १३ जिंकला आणि ३ हरला. थीलनचे ९१ झेल, १,२७६ यार्ड, आणि पहिल्यांदा प्रो बोल, म्हणजे मोसमातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत स्थान. त्याआधीच्या मार्चमध्ये संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा नवा करार केला होता, सव्वाएकोणीस दशलक्ष डॉलरचा.

मग ते २०१८, ज्याबद्दल सगळे बोलतात. पहिल्या आठ सामन्यांत प्रत्येक वेळी शंभर यार्डांवर. सलग आठ सामन्यांचा कॅल्विन जॉन्सनचा विक्रम त्याने गाठला, आणि मोसमाची सुरुवातच अशी करणारा तो पहिला. त्या वर्षीचे ११३ झेल आणि १,३७३ यार्ड हे त्याचे सर्वोच्च आकडे. याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

२०१९ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूने त्याला बराच काळ बाहेर ठेवलं. ५ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लीन्समधल्या प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यात सुरुवातीलाच त्याच्या हातून चेंडू सुटला आणि सेंट्सना गुण मिळाले. जादा वेळेत क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने त्याच्याकडेच लांब फेकला. ४३ यार्ड, खांद्यावरून झेल, आणि चेंडू गोलरेषेपासून दोन यार्डांवर. त्यानंतर काइल रुडॉल्फने टचडाउन करून सामना संपवला. क्वार्टरबॅकचा विश्वास असा मोजावा.

मार्च २०२३ मध्ये व्हायकिंग्जनी त्याला सोडलं. तोवर या संघासाठी ५३४ झेल, ६,६८२ यार्ड, ५५ टचडाउन. झेलांत त्याच्या पुढे संघाच्या इतिहासात दोनच नावं होती, कार्टर आणि मॉस. मग तो कॅरोलायना पँथर्सकडे गेला. तिथे पहिल्याच मोसमात, तेहतिसाव्या वर्षी, कमकुवत संघात त्याने १०३ झेल घेतले.

ही गोष्ट इथे शाळांमधून मेहनतीचं फळ म्हणून सांगतात. मला ती तशी अपुरी वाटते, आणि जे घरी गेले त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते. २०१३ च्या कॅम्पमधून जी डझनावारी पोरं गेली तीही पहाटे उठत होती. थीलनच्या बाजूने आणखी पुष्कळ काही होतं: घरच्या राज्यातला संघ, प्रादेशिक चाचणी नावाची सोय, एक मोसम थांबायला मिळालेली प्रॅक्टिस स्क्वॉडची जागा, आणि स्पेशल टीम्सच्या रूपाने पोट भरायचा दुसरा मार्ग. यातली एक गोष्ट काढली तर तो आज कुठल्यातरी दवाखान्यात खुर्च्या आणि ड्रिल विकत असता, आणि तेही मन लावून विकत असता. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच २०१८ दाखवत नाही. २०१३ ते २०१५ दाखवते, आणि विचारते की या तीन वर्षांत त्याला कोणी कोणी थांबू दिलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये व्हायकिंग्जनी त्याला परत आणलं. तो नुकताच ३५ वर्षांचा झाला होता, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी पँथर्सना ड्राफ्टमधल्या निवडी दिल्या. मॅनकेटोत लोकांनी कपाटातून १९ नंबरच्या जुन्या जर्सी बाहेर काढल्या. चेंडू मात्र त्याच्या वाट्याला फार आले नाहीत. डिसेंबरात त्याला मोकळं केलं आणि पिट्सबर्ग स्टीलर्सनी घेतलं. घरच्या गावच्या टाळ्यांवर तो तो मोसम सहज काढू शकला असता. त्याऐवजी नव्या शहरात, मोसमाच्या शेवटच्या महिन्यात, तो पुन्हा नव्या संघाच्या चाली पाठ करायला बसला.