आजीचं काजळ, माझा क्रोम

बुधवार, रात्री साडेअकरा

पाच पट्ट्यांपैकी तीन वाया. सोलर हीटरच्या पत्र्यावर विजेनं चढवायच्या काळ्या क्रोमचं दुखणं हेच, करंट भरपूर लागतो आणि बाथ, म्हणजे पट्टी बुडवायचं द्रावण, मात्र गार लागतं. करंट सोडला की बाथ तापणारच, आणि तापला की थर काळ्याऐवजी राखाडी बसतो. लॅबमधले काका कँटीनमधून बर्फ आणायला गेले तेवढ्यात दोन गेल्या. तिसरी माझ्या अंगठ्यानं गेली. धुऊन, वाळवून खिडकीशी नेली, तिरकी धरली की जांभळट निळी झाक मारते ती बघत बसलो आणि हातमोजा काढलाय हेच विसरलो. ठसा मधोमध. पुसायची सोय नाही.

पण आजचा दिवस लिहून ठेवायचा तो दुसऱ्याच कारणासाठी. रविवारी सांगलीला गेलो होतो, तेव्हा आजी ताईच्या बाळासाठी काजळ धरत होती. एरंडेलाची वात, वर पालथं तांब्याचं ताम्हन. मी मोठ्या तोऱ्यात खिशातली पट्टी काढून दाखवली. तिनं उजेडात धरली. "हे काळं? निळं दिसतंय की. चार वर्षं हेच चाललंय होय?" मग चुरशीला पेटून मीही एक कोरी तांब्याची पट्टी तिच्या ज्योतीवर धरली आणि काजळी धरलेली ती पट्टी डबीत घालून पुण्याला आणली.

आज दोन्ही मोजल्या. ऊन शोषण्यात आजी जिंकली. फार नाही, एखाद टक्क्यानं, पण जिंकली. खरं सांगायचं तर मिनिटभर तोंड पडलं.

मग दोन्ही एमिसोमीटरखाली ठेवल्या, म्हणजे तापलेला पत्रा किती उष्णता बाहेर टाकतो ते मोजणाऱ्या यंत्राखाली. तिथं काजळी आपटली.

काळी वस्तू ऊन गिळते तशीच तापली की उष्णता ओकतेही. वहीच्या मागच्या पानावर पुन्हा हिशेब मांडला. पूर्ण काळा पत्रा ८० अंशांवर दर चौरस मीटरला ८८० वॉट बाहेर टाकतो. २७ अंशांच्या भोवतालाकडून ४६० परत मिळतात, म्हणजे ४२० वॉटचा निव्वळ घाटा. भर दुपारचं ऊन १००० वॉट! सुटका एवढीच की ऊन बहुतेक ०.३ ते २.५ मायक्रॉनच्या लहरींतून येतं, आणि ८० अंशांचा पत्रा उष्णता सोडतो ती ८ मायक्रॉनच्या आसपास. माझा क्रोमचा थर एका मायक्रॉनहून पातळ. उन्हाला तो काळा दिसतो. लांब लहरींना जवळजवळ दिसतच नाही, त्यांची गाठ पडते खालच्या चकचकीत निकेलशी. आणि चकचकीत धातू उष्णता सोडायला महाकंजूष. घाटा ४२० वरून ४० च्या घरात. हॅरी टेबरनं इस्राएलमध्ये १९५० च्या दशकात ही निवडक काळ्याची युक्ती वापरात आणली. आम्ही अजून तिच्याच कडा घासतोय.

रूममेट दर महिन्याला विचारतो, "ते व्हँटाब्लॅक का नाही लावत?" २०१४ ला आलेलं, कार्बन नॅनोट्यूबचं जंगल, ९९.९६५ टक्के उजेड गिळणारं. अरे बाबा, क्रोमच्या ९५ टक्क्यांवरून तिथं पोचलो तर हाती लागणार ५० वॉट, आणि उत्सर्जनात जाणार त्याच्या कितीतरी पट. शिवाय बोट लागलं की ते जंगल आडवं. छतावरच्या हीटरला ते म्हणजे घाटावर पैठणी नेसून धुणं धुण्यासारखं.

हां, सौर वीजकेंद्रातल्या टॉवरची गोष्ट वेगळी. तिथं शेकडो आरसे एकाच ठिकाणी ऊन फेकतात, शेकडो सूर्यांइतकं. त्यापुढं पत्र्यानं ओकलेली उष्णता किरकोळ ठरते आणि शोषणाचा एकेक टक्का मोलाचा होतो. कॅलिफोर्नियातल्या सोलर टू टॉवरला पायरोमार्क नावाचा साधा काळा रंगच मारला होता, सिलिकोनचा, भट्टीचा ताप सोसणारा. तिथली चिंता निराळीच: रोज सकाळी तापून, रोज संध्याकाळी निवून रंग किती दिवस धरून राहील? सर म्हणतात पुढच्या वर्षी तिकडं वळू. बघू.

रात्री आजीला फोन केला. शोषणात तू जिंकलीस, पण तुझं काजळ उष्णता धरत नाही, असं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बाळाला तीट कशाची लावू? तुझ्या क्रोमची?"