गाडीचं दार आणि मधली हातभर पट्टी
बेळगावात दहावीत असताना ट्यूशनला जाताना रेल्वेच्या दुसऱ्या गेटजवळ उभ्या गाडीचं दार फाटकन उघडलं आणि मी सायकलसकट रस्त्यावर. मागनं येणारा टेम्पो कचकन थांबला म्हणून वाचलो, वर गाडीवाला मलाच, "दिसत नाही काय रे?" घरी आप्पांनी विचारलं, घंटी वाजवायला काय झालतं.

आता नेदरलँड्समधल्या यूट्रेक्टला रोज सायकलनंच ऑफिसला जातो. इथले कितीतरी रस्ते आपल्या काँग्रेस रोडपेक्षा काही रुंद वाटत नाहीत, फक्त क्रम उलटा. आपल्याकडं सायकलसाठी नुसता पांढरा पट्टा ओढून मोकळं व्हायचं म्हटलं की फुटपाथ, उभ्या गाड्या, मग सायकल, म्हणजे डावीकडं दार आणि उजवीकडं बस. इथं बऱ्याच ठिकाणी फुटपाथला लागून लाल डांबराचा सायकलरस्ता, मग उभ्या गाड्या आणि त्यांच्या पलीकडं ट्रॅफिक, उभ्या गाड्याच भिंतीसारख्या मधे. शिवाय गाडी नि सायकलच्या मधे दार उघडेल एवढी मोकळी पट्टी, ती नसली तर सगळं मुसळ केरात. आणि गाडीत बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर, तो ट्रॅफिककडनं उतरतो, सायकलकडचं दार उघडतंच कमी.

न्यूयॉर्कनं 2007 ला नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवर हेच केलं.

गोची कोपऱ्यावर. गाड्यांच्या आडून येणारी सायकल वळणाऱ्याला दिसत नाही, म्हणून चौकाच्या अलीकडं पार्किंगच देत नाहीत. आपल्याकडं नेमका तिथंच पाणीपुरीचा गाडा (आणि मी तिथला गिऱ्हाईक, खोटं कशाला बोलू).

खडेबाजारात हे जमणार नाही, तिथं चालायलाच जागा नसते. काँग्रेस रोडवर जमेल की, पण कडेला ठोकळे घातले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यात दुचाक्या लागलेल्या असतील.

अजून एक, बिनखर्चाचं. इथं ड्रायव्हर डावीकडं बसतो आणि दार लांबच्या, म्हणजे उजव्या हातानं उघडायचं, अंग आपसूक वळतं नि मागची सायकल दिसते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही (तिथली रस्त्याच्या नियमांची पुस्तिका) हे 2022 ला आलं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, म्हणून डावा हात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पांना हे करून दाखवलं, खुर्चीत बसून, खोटं दार उघडून. दोनदा बघितलं त्यांनी. म्हणाले, "ते ठीक आहे रे, मग मोबाईल कुठल्या हातात धरू?"