हार्बिनचा हिवाळा: उणे पंचवीसमध्ये फिरायचं तर

चीनच्या ईशान्य टोकाला, हेइलोंगजियांग प्रांताची राजधानी हार्बिन. जानेवारीत दुपारी पारा उणे १२ च्या आसपास असतो, रात्री उणे २३ ते २५ पर्यंत उतरतो आणि थंडीची लाट आली तर उणे ३०. आपल्याकडचा माणूस या आकड्यांना घाबरतो, पण खरा त्रास आत-बाहेरच्या फरकाचा होतो. शहरात २० ऑक्टोबर ते २० एप्रिल सार्वजनिक हीटिंग चालू असतं. दुकान, मेट्रो, हॉटेल, सगळीकडे २२-२४ अंश. एका दारातून आत-बाहेर करताना तापमान ४५ अंशांनी बदलतं. जाड कपड्यांत दुकानात पंधरा मिनिटं काढली की घाम येतो, आणि तोच ओलावा बाहेर गेल्यावर हाडं गोठवतो. त्यामुळे कपडे किती जाड यापेक्षा ते किती झटपट काढता-घालता येतात, हे आधी बघा.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल घाला. सुती बनियन अजिबात नको, ते घाम धरून ठेवतं. त्यावर चेन असलेलं फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं स्वेटर, आणि सर्वांत वर मांडीपर्यंत येणारं, टोपीवालं डाऊन, म्हणजे पिसं भरलेलं जॅकेट. आत शिरताक्षणी जॅकेट काढायचं आणि फ्लीसची चेन उघडायची. पायांना थर्मल आणि त्यावर आतून अस्तर असलेली वारारोधक पँट. जीन्स वाऱ्यात काहीच कामाची नाही.

पैसे खर्च करायचे तर बुटांवर करा. नेहमीपेक्षा एक साइज मोठे, जाड रबरी तळाचे, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. एकावर एक दोन जाड मोजे कोंबले तर रक्ताभिसरण अडतं आणि पाय जास्त गार पडतात. त्याऐवजी एकच जाड लोकरी मोजा आणि बोटं हलवायला जागा ठेवा. हातांसाठी पातळ हातमोजे, त्यावर चारही बोटं एकत्र राहतील असे मोठे मिटन. फोटो काढताना फक्त मिटन काढायचे. कानातले धातूचे दागिने हॉटेलवरच ठेवा. नाकातोंडावर मफलर हवाच, पण श्वासाच्या वाफेने तो ओला होऊन कडक होतो, म्हणून एक जादा मफलर बॅगेत असू द्या.

तिथल्या प्रत्येक किराणा दुकानात चिकटणाऱ्या गरम पट्ट्या मिळतात. त्यांतल्या लोखंडाच्या भुकटीचा हवेशी संयोग होऊन उष्णता निघते. बुटात हवा कमी, म्हणून अंगावरची पट्टी तळव्याखाली घातली की विझल्यासारखी होते. बुटांसाठीची वेगळी मिळते, ती घ्या. पट्टी थेट त्वचेवर कधीच लावू नका आणि लावून झोपू नका. मंद उष्णतेनेही भाजतं आणि ते उशिरा कळतं.

कधी जायचं? बर्फाच्या शिल्पांचं मोठं उद्यान, म्हणजे आइस अँड स्नो वर्ल्ड, साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात उघडतं आणि हवामानानुसार फेब्रुवारीत कधीतरी बंद होतं. शहराच्या बर्फ महोत्सवाचं औपचारिक उद्घाटन ५ जानेवारीला. आमच्या मते ५ ते २० जानेवारीमधले कामाचे वार सर्वांत चांगले. सगळी शिल्पं पूर्ण झालेली असतात आणि बर्फ टणक असतो. चिनी नववर्षाच्या सुट्ट्या टाळा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात हॉटेलचे दर कित्येक पट होतात आणि रेल्वेची तिकिटं हाती लागत नाहीत.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसाचे अर्ज जुलै २०२५ पासून पुन्हा घेतले जात आहेत. बीजिंगहून विमानाने दोन-सव्वादोन तास, किंवा बीजिंग चाओयांग स्थानकातून वेगवान रेल्वेने साधारण पाच तासांत हार्बिन पश्चिम. बर्फवृष्टीत विमानं रखडतात, म्हणून आमचं मत रेल्वेच्या बाजूने. तिकीटविक्री १५ दिवस आधी सुरू होते. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित दारं तो बहुधा वाचत नाहीत, कर्मचारी उभा असलेल्या दाराकडे जा.

पैशांची व्यवस्था घरूनच करून निघा. अलीपे आणि वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या दोन्ही अ‍ॅप्समध्ये पासपोर्टने ओळख पडताळून व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करायला विसरू नका, ते मुळात बंद असतात. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या नेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात, कारण डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो. भाषांतराचं अ‍ॅप चिनी भाषेसह ऑफलाइन उतरवून ठेवा.

आता यातली अडचण अशी, की थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ४० टक्के चार्ज दाखवणारा फोनही अचानक बंद पडतो. फोन बंद म्हणजे पैसे बंद, नकाशा बंद, टॅक्सी बंद. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवा, आणि तीन-चारशे युआन सुट्या नोटांत जवळ असू द्या. बंद पडलेला फोन आधी ऊबेत येऊ द्या, मग चार्जिंगला लावा. कॅमेऱ्याचा प्रश्न उलटा: गार कॅमेरा गरम खोलीत उघडला की भिंगावर आणि आतही दव धरतं. बाहेर असतानाच तो हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीत तासभर तरी पिशवी उघडू नका.

उद्यानाची वेळ ठरवताना सूर्यास्त लक्षात घ्या. अख्ख्या चीनला एकच प्रमाणवेळ आणि हार्बिन अगदी पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरअखेर चारच्या आधीच सूर्य मावळतो. दुपारी अडीचच्या सुमारास आत शिरा. उजेडात सोंगहुआ नदीतून कापलेल्या बर्फाच्या लाद्यांचा पारदर्शकपणा दिसतो. नदीचं पाणी वरून खाली सावकाश गोठतं आणि हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात, म्हणून हा बर्फ काचेसारखा. मग संधिप्रकाश, आणि त्यानंतर लाद्यांच्या आत बसवलेले दिवे लागतात. एकाच तिकिटात तिन्ही रूपं मिळतात. अलीकडच्या हंगामांत तिकीट ३२८ युआन होतं, आणि ते पासपोर्टच्या नावाने आगाऊ काढावं लागतं. पाचशे मीटरहून लांब बर्फाच्या घसरगुंडीचं सगळ्यांना आकर्षण, पण रांग तासन्‌तास चालते आणि या थंडीत एका जागी उभं राहण्याइतकं वाईट काही नाही. दार उघडताच पोहोचणार नसाल तर तिचा नाद सोडा. चालताना चाळीस मिनिटं, मग ऊबदार खोलीत दहा मिनिटं, हा क्रम मोडू नका. परतताना टॅक्सीच्या मागे लागू नका. मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावर उद्यानाचं स्वतःचं स्थानक आहे आणि तीच गाडी मध्यवर्ती रस्त्यापाशी, म्हणजे झोंगयांग दाजिएपाशी सोडते.

हॉटेल त्याच परिसरात घ्या. दीड किलोमीटरच्या आतबाहेरचा हा दगडी, पादचाऱ्यांचा रस्ता रशियन काळातल्या इमारतींनी भरलेला आहे. सेंट सोफियाचं कॅथीड्रल चालत जाण्याइतकं जवळ, नदी रस्त्याच्या टोकाला. थंडी सहन होईनाशी झाली की दहा मिनिटांत खोलीत परतता येतं, हे या गावात फार मोलाचं आहे. गोठलेल्या नदीवर फक्त कुंपण घातलेल्या भागातच उतरा. लाद्या कापलेल्या जागी बर्फ पातळ असतो. घासून गुळगुळीत झालेल्या दगडांवर लहान पावलं टाका, गुडघे किंचित वाकवा आणि हात खिशाबाहेर ठेवा.

शाकाहारी लोकांनी 'दी सान श्येन' मागावं: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून परतलेली, भातासोबत पोटभर. मात्र त्यात मांसाचं पाणी किंवा चरबी असू शकते, म्हणून 'मांस, मासे, चरबी, मांसाचं पाणी नको' हे चिनी लिपीत फोनवर तयार ठेवा आणि त्याची एक छापील चिठ्ठीही जवळ असू द्या. रस्त्यावर विकला जाणारा काळा, गोठलेला नाशपाती जरूर खा. तो थेट चावायचा नसतो. थंड पाण्यात ठेवला की वर बर्फाचं कवच येतं, ते फोडून आतला मऊ गर चोखायचा. हॉटेलमध्ये किटली असतेच, त्यामुळे झटपट पोहे-उपम्याची पाकिटं, भडंग, चटणी बरोबर न्या. दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं चीनमध्ये नेता येत नाहीत. हीटिंगमुळे खोलीतली हवा फार कोरडी होते आणि नाकातून रक्त येऊ शकतं. रात्री ओला टॉवेल रेडिएटरवर टाका, नाकाला आतून व्हॅसलिन लावा.

परतीच्या दिवशी ताइपिंग विमानतळाला निघताना तासाभराचा रस्ता धरा, बर्फ पडत असेल तर दुप्पट. आणि पॉवर बँक तपासा: जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '३सी' हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ते नसतं, म्हणून तिथे उतरल्यावर चिन्ह असलेली एक विकत घेणं सोयीचं.