तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रावर दोन पानं लिहायची कशी?

‘सर, एकाच चित्रावर दोन पानं काय लिहायचं ओ?’ बेळगावात कला शिकणारी मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला. मग पान भरायला चित्रकाराचं चरित्र येतं. माझं उत्तर एवढंच: आधी चित्रकाराचं नाव झाका.

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घ्या. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. साडी नेसलेली बाई, एका हातात दिवा, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा. ‘प्रकाश सुंदर दाखवला आहे’ असं लिहून मुलं पुढे पळतात. अहो, पण कुठून आला तो? चित्रात उजेडाचा उगम एकच, आणि नेमका तोच हातानं झाकलेला. म्हणून नजर आधी बोटांवर जाते. उजेड त्यांच्यातून लालसर पाझरतो. तिथून तो चेहऱ्यावर येतो, साडीच्या चुण्यांत विरतो. आता लिहा, की चित्राचा खरा विषय जपणारा हात आहे. हे तुमचं मत झालं, पण कुणी हटकलं तर बोटं दाखवता येतील.

मग माध्यम. हे जलरंगातलं काम. पारदर्शक जलरंगात उजळ जागा आधीपासून राखावी लागते. गडद झालेला कागद पुन्हा उजळत नाही. तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो. या चित्राखाली लोक बिनदिक्कत राजा रविवर्मा असं नाव घालतात. रविवर्म्यांची ख्याती तैलचित्रांची, आणि ते १९०६ मध्येच वारले. हे चित्र १९४० च्या दशकातलं. वर्ष ठाऊक नसलं तरी रंग नीट पाहणाऱ्याला शंका यायलाच हवी. (हळदणकर सावंतवाडीचे. आंबोली घाट उतरलं की त्यांचं गाव, तरी आपल्याकडे ही गत!)

म्हैसूर लांब पडत असेल तर आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, आहेच. ती रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची, हे शेवटी लिहा. आधी मंडपात छताखाली उभे राहा. दगडी कमळ वरून खाली उतरलेलं आहे. मान किती वर करावी लागते, उन्हातून आत आल्यावर पाकळ्या केव्हा उलगडू लागतात, कुठल्या कडेवर उजेड थांबतो, सगळं वहीत उतरवा. मोबाइलवर फोटो काढायचा तर लिहून झाल्यावर काढा. फोटोत ते कमळ सपाट होतं आणि तुम्ही फोटोचंच वर्णन करत बसता.