पहाटे ट्रिप होणारा फिडर आणि तीन सेलची पितळी बॅटरी

वरूड भागातला शेतीचा ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली लाइन. जानेवारीचा महिना. संत्र्याच्या बगीच्यांना आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून झाडं कोरडी ठेवणं) तोडायचं पाणी सुरू होतं. हे पाणी दोन-चार दिवस पुढे गेलं तरी फुटीवर परिणाम होतो, म्हणून रात्रपाळीची थ्री फेज वीज ज्याच्या वाट्याला येते तो रात्रभर विहिरीवर बसून असतो. आणि नेमका हाच फिडर धुवारी (धुकं) उतरली की अर्थ फॉल्टवर, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत उतरल्यामुळे, ट्रिप होऊन बंद पडायचा. ऊन चढल्यावर चार्ज केला (पुन्हा वीज सोडली) की बिनतक्रार टिकायचा. दुपारी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारला तर तिन्ही फेज ठणठणीत.

दिवसा गायब होणारा फॉल्ट बहुतेक वेळा इन्सुलेटरमध्ये लपलेला असतो. तार ज्यावर बसते त्या चिनीमातीच्या पिन इन्सुलेटरला केसाएवढी तड (भेग) गेली, तरी कोरड्या हवेत तो भार सोसतो. दव त्या तडीत शिरलं, वर शेतातली धूळ बसलेली असली, की फेज ते जमीन हे ६.३५ केव्ही तिथूनच वाट काढतात. तडीतून पिनमध्ये, पिनमधून क्रॉस आर्ममध्ये (पोलावरच्या आडव्या लोखंडात), तिथून आठ नंबरच्या अर्थिंगच्या तारेने खाली. ऊन पडलं, तड सुकली, की पुरावा संपला.

आम्ही मधला एबी स्विच (पोलावरचा लाइन तोडायचा स्विच) उघडून अर्धा फिडर चार्ज केला. तो टिकला, म्हणजे फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. तिथे एका कट पॉइंटवर जळका जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सापडला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. जंपर बदलला, पहाटे फिडर पुन्हा ट्रिप झाला. जंपर जळाला होता तो वारंवार चार्ज केल्यामुळे. फॉल्टवर लाइन चार्ज केली की जिथे जोड ढिला असेल तिथे तो तापतो, आणि मग दुखणं एकीकडे अन् मलम दुसरीकडे असं होतं. उपकेंद्रातल्या ऑपरेटरवर फोनचा मारा असतो हे कबूल; तरी पेट्रोलिंग न करता तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ब्रेकर मारणं (वीज सोडणं) ही वाईट सवय आहे आणि ती वाढते आहे.

पुढचं पेट्रोलिंग रात्री, धुवारीतच केलं. लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतलं, दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडणारे डिस्चार्ज रॉड लावले. पोरांच्या हेल्मेटवर एलईडीचे हेडलॅम्प होते. उजेड भरपूर, पण पोलाच्या टोकाकडे पाहिलं की नुसती पांढरी भिंत. त्याच पोलांखालून आधीही माणसं जाऊन आली होती, त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

गँगमधल्या सगळ्यात जुन्या लाइनमनने झोळीतून तीन सेलची पितळी बॅटरी काढली. "डोक्यावरचं बंद कर पहिले. मी इकून उजेड मारतो, तू तिकून पाय."

पिवळा उजेड धुवारी फाडतो असं सगळेच म्हणतात. माझ्या मते रंगाचं श्रेय थोडं, कोनाचं जास्त. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असला की दवाच्या थेंबांवरून उजेड उलटून थेट डोळ्यात येतो. तोच दिवा कमरेजवळ धरला, किंवा दहा-पंधरा पावलांवर दुसऱ्याच्या हातात दिला, की थेंबांची चमक बाजूला राहते आणि पोलावरचा माल दिसतो. शिवाय उजेड तिरपा पडला की तडीच्या कडेची सावली उमटते. समोरून पडलेला उजेड ग्लेझवर (चिनीमातीच्या गुळगुळीत थरावर) नुसता चकाकतो.

आणि फोकस. जुन्या बॅटरीचं तोंड फिरवलं की बल्ब रिफ्लेक्टरमध्ये मागेपुढे सरकायचा. फिलामेंट बरोबर केंद्रात आली की आठ मीटरच्या पोलाच्या टोकावर फक्त एक इन्सुलेटर उजळायचा, बाकी सगळा अंधार. जीप आणि एव्हरेडी या कंपन्यांच्या पितळी, क्रोम चढवलेल्या बॅटऱ्यांत हे काम फार सुबक होतं. दोन सेलला २.५ व्होल्टचा बल्ब, तीन सेलला ३.८ व्होल्टचा. जादा बल्ब मागच्या टोपणात. टोपणाला कडी, कडीला सुतळी, सुतळी खांद्यावर.

बॅटरीला जपावंही लागायचं. सेलचं जस्ताचं भांडं झिजून फुटलं की मसाला पाझरायचा, स्प्रिंग हिरवी पडायची आणि सेल नळीत घट्ट बसायचा. तेव्हा तोंड आणि टोपण दोन्ही काढून, कोमट पाणी सोडून, लाकडी दांडीने ठोकून तो बाहेर काढायचा. गंज लिंबाने धुवायचा, नळी उन्हात पूर्ण वाळवायची. उजेड लुकलुकला की बल्बच्या बुडाचा शिशाचा टिपका आधी घासायचा, कारण तो काळा पडतो आणि सेलच्या टोपीने दबून चपटाही होतो. मग बटणाखालची पितळी पट्टी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करून किंचित वर उचलायची. रिफ्लेक्टरला मात्र फडकं लावायचं नाही. त्याची चांदी एकदा ओरखडली की फोकस गेला. पावसाळ्यात बॅटरी पडून राहणार असेल तर सेल बाहेर.

पितळी नळीवर सायकलची ट्यूब चढवायची पद्धत होती. ओल्या हातातून निसटू नये म्हणून ती ठीकच. पण ती ट्यूब शॉकपासून वाचवते हा समज घातक आहे. नळी पितळेची, म्हणजे धातूच. एलटीच्या (कमी दाबाच्या) उघड्या तारांजवळ ती बगलेत किंवा दातात धरून काम करणं चूक होतं आणि आजही चूकच आहे. चढणाऱ्याला हेडलॅम्पच हवा, दोन्ही हात मोकळे राहतात.

तड सापडली ती मधल्या फेजच्या इन्सुलेटरला, खालच्या घेराच्या आतल्या बाजूला. तिरप्या उजेडात काळी रेघ आणि शेजारी ग्लेझ उडालेला पांढुरका ठिपका. तारेचं बाइंडिंग सोडून इन्सुलेटर उतरवला, नवीन बसवला, रॉड काढले, परमिट परत केलं. धुवारी असतानाच फिडर चार्ज केला आणि तो टिकला. काढलेला इन्सुलेटर नंतर फोडून पाहिला. तडीच्या दोन्ही काठांवर पिनच्या खोबणीपर्यंत कोळशासारखा काळा माग गेलेला होता. एवढा माग एका रात्रीत होत नाही. म्हणजे दव पडेल त्या प्रत्येक पहाटे तो थोडा थोडा जळत होता, आणि त्या काळात झाडाच्या फांदीच्या नावावर घातलेली किती ट्रिपिंग खरं म्हणजे याची होती, हे मला अजून कोडं आहे.

आता जुन्या बॅटरीचे फिलामेंटचे बल्ब तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाहीत. जुन्या नळीत एलईडीचा बल्ब घातला तर चिप फिलामेंटच्या जागी बसत नाही, फोकसच्या मधोमध काळं भोक राहतं. पेट्रोलिंगसाठी बारीक फोकसची हातबॅटरी वेगळी द्या, असं मी मागणीत लिहिलं आहे. उत्तर आलं की हेडलॅम्प दिलेले आहेत.

पुढच्या पोलांवरचे इन्सुलेटर त्याच वेळी बसवलेले, त्याच घडणीचे आहेत. धुवारीच्या पहाटे, फिडर चार्ज असताना, खालून लांब उभं राहून सगळे दिवे बंद करायचे आणि आधी कान द्यायचा. तड गेलेला इन्सुलेटर ट्रिप होण्याआधी थोडा वेळ चरचरतो, कधी निळसर ठिणगीही दिसते. ज्या पोलावर आवाज येईल त्याचा नंबर लिहून घ्यायचा. परमिट, रॉड आणि बॅटरी त्यानंतर.